मैदानाच्या दिवशीची पॅसेंजर

आमच्या वेळी असं नव्हतं, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांत मी बसत नाही. गेल्या साली अनंत चतुर्दशीला धाकट्या सुनेला बरोबर घेऊन मिरजेला डॉक्टरकडं निघालो होतो. कराडला गाडीत मिरवणुकीची पोरं घुसली. कुणाच्या खांद्यावर चाकं लावलेला भोंगा, कुणाच्या हातात झेंडा, आणि खाली नाचायला जागा नाही म्हणून बाकावर चढून नाचायला लागली. माझ्या धोतरावर गुलाल सांडला. सून नाकाला पदर लावून म्हणाली, "आबा, आदी बरी असतील की ओ माणसं. आता बिघडली." मी म्हणालो, काही बिघडली नाहीत, होती तशीच आहेत. तिला वाटलं म्हातारा मुद्दाम उलटं बोलतोय. मी तसा बोलतो, सगळ्या घराला ठाऊक आहे, पण त्या दिवशी खरं तेच बोललो. असल्याच एका गर्दीनं माझ्याशी काय केलं ते तिला सांगितलं नाही. इथं सांगतो. वाचायचं तर वाचेल.

आमचं घर मसूरच्या शिवारात, रुळाच्या खालच्या अंगाला. गाडी आली की आधी फळीवरची भांडी वाजायची, मग बाज हलायची. बाज सोप्यात टाकलेली असायची आणि बाजेवर तात्या, म्हणजे माझा बाप. गाव त्यांना पैलवान म्हणायचं, आणि अंथरुणाला खिळल्यावरही म्हणतच राहिलं. एका जत्रेत समोरच्यानं त्यांना उचलून टाकलं ते मानेवर आले. मुंडीखालचं सगळं अंग गेलं. उजव्या हाताची बोटं तेवढी हलायची, आणि मान डावीकडं थोडी वळायची. पडल्या पडल्या त्यांना गाड्या ऐकायचा नाद लागला होता. डोळे मिटून सांगायचे, "मालगाडी हाय, भरलेली." नाहीतर, "आज एक डबा जादा लावलाय." ते खरं का खोटं बघायला कोण जातंय, पण आम्ही मान डोलवायचो. सकाळी आई हुलग्याचं माडगं करायची. चुलीवर ते रटरटायचं, शेजारी काटवटीत भाकरी थापल्याचा आवाज, परड्यात म्हैस, आणि बाहेर कराडच्या बाजूला चाललेल्या इंजिनाची शिट्टी. माझ्या कानात घर म्हणून जे काही राहिलंय ते एवढंच आहे. माडगं आई त्यांना चमच्यानं पाजायची. एके काळी त्याच तोंडानं तात्या तांब्याभर थंडाई एका दमात प्यायचे, हे मी पाहिलेलं.

मीही लहानपणापासून तालमीत होतो. शाळेत चौथीपर्यंत गेलो, पण शाळेत मन नव्हतं, तालमीत होतं. नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्त्या मारल्या, मग थोड्या मोठ्या मारल्या. मास्तर म्हणायचे ह्याच्या डोक्यात माती आहे, आणि मला ते बरंच वाटायचं. तात्यांना बैलगाडीत घालून घरी आणलं त्या आठवड्यात आईनं माझा लंगोट आंघोळीच्या पाण्याखाली चुलवणात घातला. मी बघत उभा होतो. नंतर तिनं माझा हात धरून तात्यांच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "ह्यास्नी हात लावून सांग. पुना मातीत उतरणार न्हाई." मी तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुस्तीचा शब्द निघाला नाही. कुणी जुना पैलवान भेटायला आला आणि बोलता बोलता मैदानावर घसरला, की आई आतून भांडं आपटायची. तो मग पावसापाण्याचं बोलायचा.

घरात मिळवणारा मी एकटा उरलो, म्हणून सांगलीला हळदीच्या पेठेत हमालीला लागलो. रोज सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचं. आम्हा रोजच्या माणसांचा डबा ठरलेला होता, शेवटून तिसरा. त्यात दारापाशी आम्ही हमाल, खिडकीला कारखान्यात जाणारे, आणि मधल्या जागेत बाजाराला जाणाऱ्या बायका. आमच्याच गावची सोना मावशी भुसा घातलेल्या पाटीत अंडी घेऊन सांगलीला जायची. तिची पाटी दाराच्या आतल्या कोपऱ्यात असायची, आणि तिच्यापुढं मी भिंतीसारखा उभा राहायचो. त्याबद्दल ती मला कधी भाजलेल्या शेंगा द्यायची, कधी शिव्या. माझ्या टोळीतला जगन्या माझ्याबरोबर असायचा. टोळीचा कायदा असा की सकाळी पोती उतरायला सुरुवात होताना जो हजर तो टोळीत. उशिरा आला त्यानं ओट्यावर बसून दुसऱ्यांची पाठ बघायची. म्हणून गाडीला उशीर होणं आमच्या पोटावर यायचं.

सणाच्या दिवसांत गाडीचं रूप पालटायचं. औंधच्या यात्रेला रहिमतपूरकडं जाणारी, विसर्जनाला मिरजेला जाणारी, आणि गणपती झाल्यावर कुंडलच्या कुस्त्यांना जाणारी, तिन्ही गर्द्या मी बघितल्यात. यात्रेची गर्दी भांडते, मिरवणुकीची नाचते. कुस्त्यांची गर्दी अंगावर येते. त्यात प्रत्येकाला वाटतं आपणच पैलवान. टपावर माणसं, दोन डब्यांच्या मधल्या सांध्यावर माणसं, आत हलगी आणि कैताळाची झांज, आणि वाटेत कुणाला उसाची भूक लागली की साखळी ओढायची. तिकीट तपासणारा त्या दिवशी दिसायचाच नाही.

आता एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं मैदानातल्या मोठ्या कुस्त्या आधी ठरतात. मधल्या आणि बारक्या तिथंच लागतात. ज्याला जोड पाहिजे तो पैलवान एक हात वर करून आखाड्याभोवती फिरतो. दुसरा पुढं होऊन तो हात धरतो. पंच दोघांची उंची आणि वजन डोळ्यानं बघतात, झाली जोड. तोंडानं काही बोलायचं नसतं. एकदा हात धरला की ताप येऊ दे नाहीतर पाय मुरगळू दे, मागं सरायचं नाही. सरला त्याच्या गावाला पुढं कित्येक वर्षं ऐकावं लागतं. आणि शौकीन माणसं मैदान येईपर्यंत तरी कुठं थांबतात. गाडीतच हात धरून लागलेल्या जोड्या मैदानात खेळल्याचं मी लहानपणी तात्यांच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं.

त्या दिवशी कुंडलला मैदान होतं आणि मला पेठेत जायचं होतं. गाडी मसूरला आली तीच गुलालानं माखून. मी आणि जगन्यानं दोन्ही कोपरं टाकून सोना मावशीला आत घेतली, तिची पाटी कोपऱ्यात लावली आणि मी दारात पाठ देऊन उभा राहिलो. आत हलगी सुरू होती. खोटं कशाला बोलू, हलगीचा तो ठेका ऐकला की माझ्या मांड्या अजून फुरफुरतात. त्या दिवशी तर मी विशीत होतो. घरी तात्यांनीही ती ऐकली असणार, गाडी घरावरूनच येते.

कराडला आणखी माणसं चढली. गाडी हलली तेव्हा नळावर पाणी प्यायला गेलेला एक गडी धावत सुटला. बाकीच्या दारांत माणसं लोंबकळत होती, तिथं बोट शिरायला जागा नव्हती. तो एकेक दार सोडत आमच्या दाराला आला आणि धावता धावता त्यानं उजवा हात वर केला. फलाट संपत आला होता. मी वाकलो, त्याचा पंजा धरला आणि ओढून वर घेतला. अंगानं माझ्याएवढाच. त्याच्या तळहाताला तालमीची तांबडी माती होती, माझ्या तळहाताला हळद.

हलगीवाल्याच्या शेजारी भगवा फेटा बांधलेला एक माणूस बाकावर उभा होता. कोरेगावकडचा, सगळे त्याला डिगाण्णा म्हणत होते. त्यानं हात करून हलगी थांबवली.

"बघितलं का रं समद्यांनी? ह्येनं हात वर केला, त्येनं धरला. जोड लागली."

डबा हसला. मलाही हसू आलं.

"आवं, पडत हुता म्हणून धरला," मी म्हणालो.

"ती मला नगं सांगू. आज मैदान हाय. पैलवान गड्यानं हात वर केलाय आन् पैलवान गड्यानं धरलाय."

"मी पैलवान न्हाई. हमाल हाय."

"हमालाची मान असती व्हय अशी? कान बघा रं ह्येचं, मोडल्यालं हायती."

तेवढ्यात मसूरचाच कुणीतरी गर्दीतून बोलला, "पैलवानाचा पोरगा शिदा हाय त्यो. बा पडल्यापास्नं लंगोट सोडलाय त्येनं."

पैलवानाचं नाव त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, आता सोडतील. पण डिगाण्णा वरूनच म्हणाला, "म्हंजी मान मोडली बापाची, आन् कणा मोडला पोराचा."

गर्दीला तेच पाहिजे होतं. हलगी पुन्हा सुरू झाली, आणि आता प्रत्येक ठेक्याला पोरं ओरडायला लागली, "जोड लागली, जोड लागली." कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल फासला. मी त्याचा हात झटकला तर दुसऱ्यानं मागून डोक्यावर टाकला. सोना मावशी पाटीवर दोन्ही हात धरून बसली होती. तिचा आवाज हलगीच्या वर गेला.

"ए फेटेवाल्या, तू कवा लंगोट नेसला हुतास रं? पोटाला दोरी पुरत न्हाई तुझ्या."

"मावशे, तू अंडी संभाळ."

"अंडीच संभाळतीया. मानसं कुटं दिसंनात संभाळायला."

तेही हसण्यावारी गेलं. ज्याला मी वर घेतला होता तो माझ्या छातीला छाती लावून उभा होता, दुसरीकडं सरकायला जागाच नव्हती. तो काही ओरडत नव्हता. माझ्या कानापाशी म्हणाला, "माझं नाव बिरू. म्हसवडकडचा. कराडला तालमीत असतो."

"बरं."

"मी काय गलका केला न्हाई. पर हात तू धरलास."

"धरला नसता तर चाकाखाली गेला असतास."

"व्हय. म्हणून तर म्हणतो. सोडला असतास तर गोष्ट येगळी. धरलास, तर आता सोडू नगं." मग तो म्हणाला, "औंदा मला जोडच मिळंना गड्या. उंचीला बसतो त्यो वजनाला बसत न्हाई. आज न्हाई लागली तर वस्ताद म्हणत्यात, घरला जा. घरला म्हंजी मेंढरामागं."

"मी आईला शब्द दिलाय."

"आन् हाताला?" त्यानं विचारलं.

हे त्यानं चिडवायला विचारलं नव्हतं. डिगाण्णासारख्याला मी दिवसभर तोंड दिलं असतं.

कुंडलला उतरायचं स्टेशन आलं. गर्दी बाहेर सांडली. पाचसहा जण मला दंडाला धरून ओढायला लागले. मी दाराच्या दांडीला मिठी घातली. सदऱ्याची बाही गेली. मला हलवता येईना तेव्हा डिगाण्णा म्हणाला, "न्हाई उतरत? नगं उतरू. गाडी तरी कशी जाती बघतो." त्याचं एक पोरगं आत शिरलं आणि साखळीला लोंबकळलं. गार्ड शिट्ट्या मारत आला, त्यालाही गुलाल लावून परत पाठवला. गाडी जरा हलायला लागली की पुन्हा कुणीतरी साखळी ओढायचा. "ही गाडी आता शिदा पैलवानासाठी थांबलीया," डिगाण्णा फलाटावरून सगळ्या डब्यांना सांगत सुटला. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कोण हा शिदा, बघू तरी, असं चाललं.

त्यांचं मला काही वाटलं नाही, ते माझे कुणी लागत नव्हते. पण थोड्या वेळानं आमच्या डब्यातली रोजची माणसं चुळबुळायला लागली. कारखान्यातला एकजण म्हणाला, "पाळी चुकली आमची तुझ्यापायी." दुसरा म्हणाला, "जा की बाबा, मार एक कुस्ती आन् ये. काय मरत न्हाईस." आणि मग जगन्या. माझ्या ताटात जेवणारा जगन्या माझ्याकडं न बघता म्हणाला, "शिदा, जा रं. टोळी चुकंल आपली."

मी दांडी सोडली आणि खाली उतरलो.

पुढं जे झालं त्याला मिरवणूकच म्हटली पाहिजे. डिगाण्णानं स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. हलगीवाले पुढं झाले, पोरांनी दोन्ही बाजूंनी वाट केली, आणि ज्यांनी मला कणा नाही म्हटलं तेच माझं नाव घ्यायला लागले. ती गर्दी मला आवडली असं मी म्हणणार नाही, पण तात्या पडल्यापासून माझं नाव कुणी असं घेतलं नव्हतं. छाती आपोआप पुढं आली. पाय ठेक्यावर पडायला लागले. माझ्यापुढं चारपाच पावलांवर बिरू चालला होता. तो मागं वळून बघत नव्हता. मी येतोय याची त्याला खात्री होती. मी त्याच्या पाठीकडं बघत चाललो. खांदे चांगले होते, कंबर लवचिक. पण उजवा पाय टाकताना तो मान जराशी पुढं झुकवायचा. बघणाऱ्याला दिसलं नसतं, मला दिसलं. कुठं हात टाकायचा, कुणीकडं वळायचं, आणि तो कसा वर उचलला जाईल, हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप जुळलं. आणि तो खाली कसा येईल तेही दिसलं.

मी थांबलो. फेटा काढला आणि डिगाण्णाच्या हातात दिला. तो म्हणाला, "काय रं?" मागं गाडी सुटली होती. मी गर्दी कापत उलटा धावलो. पोरं आधी बुचकळ्यात पडली, मग जी बोंब उठली ती गाडीच्या शिट्टीच्या वर गेली. आमचा डबा पुढं आला तेव्हा दारात जगन्या उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हात काही पुढं केला नाही. मी दांडी धरून माझा मीच वर आलो. ज्यांची पाळी चुकली तेही आता तोंड फिरवून बसले. त्यांना गाडी सुटायला पाहिजे होती, पण त्यांच्या डब्यातला माणूस पळून आलेलाही त्यांना नको होता. सोना मावशीनं पाटी पायाशी ओढली आणि म्हणाली, "बस हितं. फुटली तर फुटली अंडी." मी बसलो. मी पळालो ते भीतीनं नव्हतं. पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आणि सांगून कुणाला पटलं असतं असं मला आजही वाटत नाही.

टोळी चुकलीच. दिवसभर ओट्यावर बसून काढला. जगन्या पलीकडच्या टोकाला बसला.

संध्याकाळची गाडी कुंडलहून परतणाऱ्या लोकांनी भरली. मी सांगलीलाच मुद्दाम पुढच्या डब्यात चढलो होतो, तरी तिथंही गोष्ट आधीच पोचली होती. एक म्हातारा दुसऱ्याला सगळं रंगवून सांगत होता, आणि ज्याची गोष्ट तो समोर उभा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. "हात धरून पळाला," तो म्हणाला. "आन् त्यो म्हसवडचा गडी, लय येळ हात वर करून फिरला. पर एकानं सोडलेला हात दुसरा कोण धरतंय? कुनी धरला न्हाई." हे ऐकलं आणि मी दाराकडं तोंड केलं. बिरूला जोड मिळाली नाही, म्हणजे तो मेंढरांमागं गेला असणार. खरंच गेला का, मला कळलं नाही. पुढं सिद्धनाथाच्या रथाला मी दोनदा म्हसवडला गेलो. देवापेक्षा माणसांच्याच तोंडाकडं बघत फिरलो. आमच्या शिवारात मेंढरं बसायला येतात तेव्हा अजूनही मेंढरामागच्या म्हाताऱ्यांना विचारतो, कराडला तालमीत कुणी होता का तुमच्यातला. ते म्हणतात, असंल बाबा. भेटला असता तर त्याची माफी मागितली असती असं नाही. मी चुकलो असं मला वाटत नाही. त्याची मान कशी आहे, एवढंच बघायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सोना मावशी माझ्याआधी दुपारच्या गाडीनं परतली होती, आणि येताना आमच्या दारावरूनच गेली होती. आईचा चेहरा बघितल्याबरोबर मला कळलं की तिला सगळं ठाऊक आहे. तिनं पाय धुवायला ऊन पाणी दिलं, फाटक्या बाहीकडं बघून "काड, शिवून ठेवती" म्हणाली. ताटात भाकरीवर गूळ आणि तुपाचा गोळा होता, आमच्या घरात सणालासुद्धा एवढं तूप पडायचं नाही. ती चुलीपुढं बसून काहीतरी गुणगुणत होती. तात्या पडल्यापासून तिला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, तिच्यासाठी तरी बरं झालं.

तात्या बाजेवर आढ्याकडं बघत पडले होते. मी जवळ जाऊन बसलो तरी त्यांनी मान वळवली नाही. बाहेर कुणीतरी पोरगं रस्त्यानं "जोड लागली, जोड लागली" ओरडत गेलं. गाव आमचं बारकं, तिथं गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. ते ओरडणं लांब गेल्यावर तात्या बोलले.

"कोन हुता?"

"म्हसवडकडचा. बिरू नाव हाय."

"उंचीला?"

"माझ्याएवढा."

"अंगानं?"

"खांदं भरल्यालं. कंबर चांगली."

आईनं आत भांडं आपटलं. तात्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिलं नाही.

"चालायला कसा?"

"उजवा पाय टाकताना मान फुडं घेतो."

तात्यांची बोटं बाजेच्या सुंभावर हलायला लागली. एखादा हिशेब करावा तशी ती थोडा वेळ हलत राहिली आणि थांबली. मग त्यांनी मान वळवली, वळायची तेवढी, आणि माझ्याकडं बघितलं. मी वाट बघत होतो. गावानं मला जे म्हटलं तेच ते म्हणणार, याची मी दिवसभर तयारी केली होती.

"तू पाडलं असतंस त्येला," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. "मानंवर."

चुलीपाशी गुणगुणणं थांबलं. तात्या माझ्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे असे झाले होते की मला त्यात बघवेना. पण मी नजर खाली घातली नाही, आणि त्यांनीही घातली नाही. दोघंही त्याच मातीचे. मग त्यांनी ओठ ओले केले.

"कंच्या डावानं?" त्यांनी विचारलं.

आई उठली आणि परड्यात निघून गेली. मी बाजेच्या आणखी जवळ सरकलो, त्यांचा निर्जीव दंड हातात घेतला, आणि पहिल्या पकडीपासून त्यांना सांगायला लागलो.